पातळ तळाचा बूट

२ फेब्रुवारी

नातीने ही वही दिली. टायरवाल्याने फुकट वाटलेली आहे, दर पानावर वर तारीख आणि खाली टायर. म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलत असतेस. त्यातलं थोडं हिच्यात लिही, आमच्या कानांना तेवढीच सुट्टी." कार्टी माझ्यावरच गेली आहे.

मी तिसरीपर्यंत शिकले. मग बुटांच्या कारखान्यात तळ कापायला बसले ती चाळीस वर्षांनी उठले. हाताला रापीची सवय आहे, पेनाची नाही. रापी म्हणजे आमची चामडं तासायची सुरी. अजून धार लावून खिडकीत ठेवली आहे. घरातले सगळे बूट मीच दुरुस्त करते.

घरात चौघं. मी, मुलगा, सून, नात. खाली मुलाचं गॅरेज, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. सून इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. आज साबण संपला. झालं लिहून.

९ फेब्रुवारी, रविवार

रविवारी गॅरेजात तिघांची सभा भरते. मुलगा, टॅक्सीवाला आणि गणिताचे मास्तर. पन्नाशीला टेकलेले तिघं, पण बोलताना ऐकलं तर दुधाचे दात पडायचे आहेत असं वाटतं. विषय एकच, येऊ घातलेली गाडी. दोन दारांची, बुटकी, स्पोर्ट्स गाडी. कूपे म्हणतात त्या जातीला. आजवर असल्या गाड्या फक्त गडगंज श्रीमंतांच्या. ही म्हणे मेकॅनिकला आणि मास्तरालाही परवडणार. आणि मुख्य म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना. स्वस्त गाड्यांत पुढचीच चाकं ओढतात आणि पुढचीच वळतात, त्यात राम नाही म्हणे. हिच्यात पुढची नुसती वळणार आणि मागची ढकलणार.

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या घरासारखंच. तू वळायचं आणि बायकोने ढकलायचं."

टॅक्सीवाला हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला.

फोटो दाखवला मला. गाडीवर कापड टाकलेलं. त्या कापडाकडे तिघं तासभर बघत होते. मास्तर म्हणाले, "मावशी, ती मागची कमान बघा." चादरीखाली म्हैस निजली असती तरी तशीच कमान दिसली असती. पण मुलाचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळला होता, म्हणून गप्प बसले. मीही कधीतरी गप्प बसते.

१४ फेब्रुवारी

आमच्या मुलाचं पोट त्याच्या डाव्या पायात आहे. क्लच दुरुस्त करणारे गावभर आहेत, पण हा गाडी उघडत नाही. आत बसतो, डाव्या पायाने क्लच तीनदा दाबतो आणि सांगतो, प्लेट झिजली, केबल ताणली, की बेअरिंग गेलं. चुकत नाही. म्हणून त्याला उस्ताद म्हणतात. लांबून लोक येतात.

आज स्वतःच्याच जुन्या गाडीत बसून पाऊण तास क्लच दाबत होता. मी विचारलं, काय झालं.

"मुका झालाय. काही बोलतच नाही."

केबल बदलली. पेडलचं रबर काढून टाकलं. तरी मुकाच. म्हणाला, ही म्हातारी झाली, आता ती नवी येईल तिचाच क्लच बोलेल.

२ मार्च, रविवार

आज कहरच. मास्तरांनी कुठून तरी त्या गाडीची मापं मिळवली आणि गॅरेजच्या फरशीवर खडूने अख्खी गाडी काढली. लांबी, रुंदी, चाकं, सगळं. सीटच्या जागी दोन स्टुलं, पेडलच्या जागी तीन विटा. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. तिघं आळीपाळीने बसले आणि तोंडाने आवाज काढले. मागे दोन छोटे चौकोन होते.

"ह्यात कोण बसायचं?"

"तिथे कोणी बसत नाही, मावशी."

"मग ठेवलंय कशाला?"

मास्तर म्हणाले, "कूपेत तसंच असतं." गणित शिकवतात हे.

५ मार्च

गॅरेज पुसताना गाडीचा अर्धा डावा भाग गेला. चुकून नाही. मुद्दाम पुसला. ऑइलवर खडूचा चिखल झाला होता. मुलगा दोन तास बोलला नाही.

मोरीत मुंग्या फार झाल्या आहेत. फिनेल ओतलं, तरी पुन्हा रांग. मुलगा पाण्याच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या करतो आणि दर तासाला मोरी गाठतो. गॅरेजात उकाडा असतो. सून म्हणाली, "अहो, रक्त तपासून घ्या एकदा. आमच्या इथे ओळखीने होईल." तो म्हणाला, "मला काय धाड भरली आहे?" बारीकही झाला आहे. पट्ट्याला मीच दोन नवी भोकं पाडून दिली. चाळिशीनंतर सुटलेलं पोट आत गेलं, बरंच झालं.

२१ मार्च

आज एका दुकानदाराची गाडी परत आली. मुलाने प्लेट बदलून दिली होती, निघाली केबलच खराब. ह्या महिन्यातली ही तिसरी. दुकानदाराने किल्ली टेबलावर टाकली ती मला वर ऐकू आली.

जेवताना मुलगा म्हणाला, "हल्ली सगळ्याच गाड्यांचे क्लच मुके करून ठेवलेत. पायाला काही सांगत नाहीत."

मी म्हटलं, असेल. हल्ली बूटसुद्धा चिकटवतात, शिवत नाही कोणी.

तो एकदम थांबला. "आई, बूट. बुटाचा तळ जाड आहे. शर्यतीत गाडी चालवणारे पातळ तळाचे घालतात, पेडल कळावं म्हणून. माझा तासून देशील?"

मला मेलीला आनंद झाला. कितीतरी वर्षांनी माझ्या हाताचं काम त्याला लागलं होतं.

२३ मार्च

तासला. डाव्या बुटाचा तळ, चवड्याखालचा. आधी अर्धा केला. घालून आला, म्हणाला अजून थोडा. पुन्हा तासला. अजून थोडा. शेवटी उजेडासमोर धरला तर बोटाची सावली पलीकडून दिसत होती. कारखान्यात असा तळ कोणी काढून दाखवला असता तर त्याला सगळ्यांनी चहा पाजला असता. माझा हात अजून स्थिर आहे.

मी म्हटलं, "ह्याहून पातळ पाहिजे तर अनवाणीच जा."

"आता बोलतोय थोडा," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

१३ एप्रिल, रविवार

गाडी पुढे ढकलली. जूनमध्ये येणार होती, आता शरद ऋतूत म्हणे. सभेत सुतक. वर एक अफवा, की स्वस्तातल्या गाडीला दोनच पेडल असतील, क्लच नसेलच, गिअर आपोआप पडतील. मुलगा एवढा चिडला की नातीला बसवून कंपनीला पत्र लिहायला लावलं. "क्लच नसलेली स्पोर्ट्स गाडी म्हणजे," एवढं सांगून अडला. नात पेन धरून थांबली. मी म्हटलं, "लिही, मीठ नसलेला रस्सा." तसंच लिहिलं. तिघांनी सह्या केल्या. गाडी नको, काही नको, पण तीन पेडल पाहिजेत. जगात एवढी दुःखं आहेत आणि हे विटा मोजत बसलेत.

२९ एप्रिल

डाव्या बुटाची शिवण उसवली म्हणून मुलाकडून मागून घेतला. तळातून वर लोखंडाचा कीस आलेला, ड्रिल मशीनखाली पडतो तो, गुंडाळलेला, नखाएवढा. पकडीने ओढून काढला. आतलं अस्तर काळं आणि कडक.

"हे तुला टोचलं नाही?"

"नाही."

"मोज्याला हे काय?"

"ऑइल आहे."

मी म्हटलं, "गेंड्याची कातडी आहे तुझी. बापावर गेलास." अस्तर बदललं, शिवण घातली, दिला परत.

६ मे

गॅरेजात उंदीर मेला आहे. काल तर वास जिन्यापर्यंत आला. आज मी टायरांची थप्पी हलवली, कपाटामागे काठी घातली, गटाराची जाळी उघडली. काही नाही. सुनेची ह्या आठवड्यात दुपारची पाळी, ती घरी येते तोवर हा निजलेला असतो. नाहीतर तिच्या नाकाने शोधला असता.

७ मे

उंदीर सापडला नाही. वास आता वरच्या खोलीतही आहे.

८ मे

सकाळी सुनेने त्याचा मोजा ओढून काढला. उंदीर नव्हता.

११ मे

इस्पितळ. साखर. रक्तात किती वर्षं होती कोण जाणे, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पायाच्या नसा मेल्या होत्या. म्हणजे क्लच बोलत होता. पाय ऐकत नव्हता. हे मी लिहिते आहे आणि लिहिताना मला पट्ट्याची दोन भोकं दिसतात, मुंग्यांची रांग दिसते.

त्याला ताप फार आहे. विष वर चढतं आहे म्हणे. चार दिवस बघतील.

१३ मे

बघून झालं. उद्या.

१४ मे

डावा पाय गुडघ्याखालून काढला.

१९ मे

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या नातीहून थोड्याच मोठ्या असतील. त्याचे कपडे आणि बूट पिशवीत घालून दिले. डावा बूट हातात धरून त्यांनी तळ दाबून पाहिला.

"हा कुठून घेतला?"

"घेतला नाही. मी तासला."

त्या म्हणाल्या, "आजी, पाय आधीच बधिर होता. कुठूनही जखम झाली असती. मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही तुमचं काम करा. मनाला काय लावायचं ते माझं मी बघते."

जरा जास्तच बोलले. पण लोकांनी मला माफ करायची घाई केली की मला राग येतो.

मग त्यांनी त्याचे डोळे मिटायला लावले आणि उजव्या पायाच्या तळव्याला एक बारीक ताठ दोरा टेकवत गेल्या. कळलं की हो म्हणायचं. दहादा टेकवला, चारदा हो म्हणाला. औषधांच्या गुंगीत होता, त्याला काय कळणार.

तळव्याची रोज नजरेने तपासणी करायची, असं सांगितलं. आणि बूट जाड तळाचा.

२ जून

घरी आणलं. जिना चढवता येत नाही, म्हणून गॅरेजच्या मागच्या खोलीत खाट टाकली. सून रजेवर. ती मला काही बोलली नाही. एकदाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. काल भांडी घासताना मीच म्हटलं, "बोल ना एकदा काय ते." ती म्हणाली, "काय बोलू, आई? तुम्ही तळ तासलात, मी रोज त्याच खाटेवर झोपत होते. मलासुद्धा पाय दिसला नाही."

बूट मी फेकला नाही. रापीशेजारी ठेवला आहे. रोज दिसतो.

१५ जून, रविवार

टॅक्सीवाला आणि मास्तर आले. दारातून आत यायला पाय उचलत नव्हते दोघांचे. मग मास्तरांनी खिशातून फोन काढला आणि बातमी वाचली. कंपनीने ठरवलं. स्वस्तातल्या गाडीला दोनच पेडल. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. क्लच नाही.

टॅक्सीवाला सवयीने तापला. "वाट लावली! ही काय गाडी आहे? पत्राला केराची टोपली दाखवली. दोन पेडल! डाव्या पायाने मग काय," आणि त्याची नजर खाटेकडे गेली.

मी मुलाकडे पाहिलं. तो पांघरुणाकडे बघत होता, जिथे ते सपाट होतं तिथे. मग म्हणाला, "डावा पाय लागतच नाही म्हणजे."

"नाही," मास्तर म्हणाले.

"उजवा पुरतो."

"पुरतो."

"मग पत्र परत मागवा रे," मुलगा म्हणाला आणि हसला. महिन्यानंतर पहिल्यांदा. टॅक्सीवाला एवढा मोठ्याने रडला की मला त्याला पाणी द्यावं लागलं. रडका मेला.

६ जुलै, रविवार

आज मीच खडू घेतला. मास्तरांनी मापं सांगितली, मी वाकून रेघा ओढल्या. पाठ गेली. विटा मांडल्या. तिसरी वीट उचलून बाहेर नेली आणि कुंडीखाली लावली.

मुलगा कुबड्यांवर आला, स्टुलावर बसला. उजवा पाय एका विटेवरून दुसऱ्या विटेवर नेत राहिला. बघून नेत होता. मला वाटलं, सराव नाही.

२४ ऑगस्ट

आता मीच मास्तरांना फोन करते. काही कळलं का? रंग किती? शोरूममध्ये कधी? नात म्हणते, "आजी, तुलाही लागण झाली." होऊ दे. घरात दुसरं वाट बघण्यासारखं काय आहे? गॅरेज बंद आहे. नकली पाय बसवायला जखम भरायची आहे. मुलगा दिवसभर छताकडे बघतो, रविवारी मात्र दाढी करतो.

१८ सप्टेंबर

मी विचारलं, "गाडी चालवायचं डॉक्टरीणबाईंना विचारलंस का?"

"विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"जपून चालवा म्हणाल्या." आणि कूस बदलली.

विचारलं असेल.

३० ऑक्टोबर

गाडी आली! रविवारी शोरूममध्ये. चालवून बघायला पहिलं नाव टॅक्सीवाल्याने आमच्या मुलाचं लावलं आहे.

मुलगा म्हणाला, "आई, उजव्या बुटाचा तळ थोडा," आणि माझं तोंड बघून गप्प झाला.

मी म्हटलं, "एकदा ऐकलं तुझं."

२ नोव्हेंबर, रविवार

नीट लिहायचं आहे.

आम्ही पाचजण गेलो. सून, मी, मुलगा, टॅक्सीवाला, मास्तर. नात अभ्यासाला घरी. गाडी शोरूमच्या मागच्या आवारात उभी होती, लाल. खडूच्या गाडीपेक्षा लहान वाटली. कापड नसताना म्हैस मुळीच वाटत नव्हती. सुंदर होती. लिहून ठेवते, सुंदर होती.

टॅक्सीवाल्याने त्याला धरून आत बसवलं. मी शेजारच्या सीटवर. एवढी खाली सीट, की आता मला उठवायला क्रेन लागेल असं म्हटलं, तर विक्रेता पोरगेला माणूस नम्रपणे हसला. मुलाने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. नखं स्वच्छ कापलेली.

"आधी गिअर न टाकता इंजिन ऐका, सर," विक्रेता खिडकीतून म्हणाला.

इंजिन सुरू झालं. मुलाने पाय पुढे नेला. थांबला. मग वाकून बूट काढला, मोजा काढला. मला म्हणाला, "तू घातलेला तळ जाड आहे ना, म्हणून." उघडा पाय ठेवला.

गाडी किंचाळली. आवारातले सगळे वळले. विक्रेता म्हणाला, "हळू, सर, हळू." मुलगा समोर बघत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. गाडी किंचाळतच होती. मी खाली पाहिलं. पेडल जमिनीला टेकलेलं होतं आणि पायाची बोटं पांढरी झाली होती.

तो म्हणाला, "आई, दाबलाय का मी?"

मी म्हटलं, "हो."

त्याने हाताने गुडघा धरून पाय उचलला. आवाज खाली आला. मग इंजिन बंद केलं. किल्ली विक्रेत्याच्या हातात दिली नाही, टॅक्सीवाल्याला दिली. "तू चालव. मी बाजूला बसतो."

मला क्रेनशिवाय उठवलं. ते दोघं गेले. आम्ही आवारात उभे. मास्तर चष्मा पुसत होते, पुसतच होते. सुनेने माझा हात धरला होता, का मी तिचा, आठवत नाही. मी तिला सांगितलं, दोऱ्याला चारदाच हो म्हणाला होता. दहातून चारदा. मी मोजलं होतं. ती म्हणाली, "ह्यांनी विचारलंच नव्हतं डॉक्टरांना. मला माहीत होतं." मग म्हणाली, "रविवारची दाढी बंद झाली असती हो, आई."

मी माझ्या सुनेला इतकी वर्षं ओळखत नव्हते.

गाडी परत आली. मुलाच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. मास्तरांनी विचारलं, "कशी आहे?"

"मागून ढकलते," तो म्हणाला. "पाठीला कळतं."



३ नोव्हेंबर

फरशी पुसली. सगळी. ह्या वेळी तो काही बोलला नाही.

उजवा पाय मांडीवर घेतला आणि पाहिला. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या. हे डॉक्टरीणबाईंनी मेमध्ये सांगितलं होतं. रोज पाहिला असं मी म्हणत होते. रोज नव्हता पाहिला. आता इथे लिहिणार, म्हणजे मला खोटं बोलता येणार नाही.

४ नोव्हेंबर

पाहिला. काही नाही.

५ नोव्हेंबर

पाहिला. काही नाही. टॅक्सीवाला येऊन त्याला टॅक्सीत घालून चक्कर मारून आणतो म्हणाला. नेऊ दे.

६ नोव्हेंबर

काही नाही.

७ नोव्हेंबर

काही नाही. तो म्हणतो, माझ्या हातांचे घट्टे त्याच्या तळव्यापेक्षा जाड आहेत. मी म्हटलं, तुला काय कळतं. तोंडातून निघून गेलं. दोघंही हसलो.

८ नोव्हेंबर

करंगळीच्या खाली लाल ठिपका. मोहरीएवढा. काल नव्हता. खिडकीपाशी उजेडात धरून पाहिला. आहे.

मी ठिपक्यावर बोट दाबलं. विचारलं, "दुखतंय का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तूच सांग."

मी म्हटलं, "दुखतंय. ऊठ, इस्पितळात चल."